टेबलाशी बसलेले २१२ तास, त्यांतले चित्राचे ७१

रेघोटी (धागाकर्ती) | २ जून, रात्री १०:१५

नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रे काढू लागले, त्याला या गुढीपाडव्याला तीन वर्षे झाली. पुस्तकांची मुखपृष्ठे, मासिकांतील कथाचित्रे, मुलांच्या पुस्तिका आणि अधूनमधून एखादी लग्नपत्रिका, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. भेटणारा प्रत्येक जण "मजा आहे तुमची, दिवसभर चित्रेच काढायची" असे म्हणतो आणि मीही हसून मान डोलावते. मे महिन्यात मात्र मी एक उद्योग केला. दोनशेपानी वही घेतली, रकाने आखले आणि सकाळी टेबलाशी बसल्यापासून रात्री उठेपर्यंतचा प्रत्येक अर्धा तास कशात गेला, ते लिहून ठेवले.

महिन्याचे एकूण २१२ तास भरले. त्यांपैकी चित्र काढण्यात ७१ तास गेले. संपादकांनी आणि लेखकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांत ४६, फोन आणि पत्रव्यवहारात ३८, स्कॅनिंग, छपाईच्या फाइली, कुरियर व केलेले काम लोकांच्या नजरेस पडावे म्हणून समाजमाध्यमांवर मांडणे यांत ३५, आणि बिले करणे व थकलेल्या पैशांची आठवण करून देणे यांत २२. त्या ७१ या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसले, आणि हे पाहत बसणे कोणत्या रकान्यात लिहावे, ते मला ठरवता आले नाही.

लेखन, गायन, नाटक, विणकाम, मूर्तिकाम अशा कोणत्याही कलेवर ज्यांचे घर चालते किंवा चालवण्याचा प्रयत्न आहे, त्यांना विचारते: तुमच्याकडेही हिशेब असाच आहे का? हे उरलेले १४१ तास कलेचेच मानावेत, की कलेच्या वाटेतली धोंड मानावी? आणि ७१ चे १०० करायचे असतील, तर कात्री कोणत्या रकान्याला लावावी? "आवड असली की सवड मिळते" एवढे एक वाक्य कृपया कोणी लिहू नये. ते मला घरबसल्या, विनामूल्य मिळते.

कुंचला_विकणे_आहे | २ जून, रात्री १०:४०

प्रथम एकाहत्तर तासांबद्दल अभिनंदन. मी अशी वही ठेवली असती, तर महिनाअखेरीस ती कोरी म्हणून दुकानदाराने परत घेतली असती.

तिसरी घंटा | २ जून, रात्री ११:५५

ताई, आमच्या व्यवसायात हे प्रमाण आणखी विचित्र आहे. मी व्यावसायिक नाटकात दुय्यम भूमिका करतो. आम्हाला पैसे प्रयोगाप्रमाणे मिळतात, त्याला 'नाईट' म्हणतात. प्रयोग असतो अडीच तासांचा. गेल्या शनिवारचेच सांगतो. नाशिकच्या प्रयोगासाठी दुपारी बाराला दादरहून बस निघाली, साडेपाचला पोहोचलो, नेपथ्य लागेपर्यंत रंगभूषा उरकली, रात्री सव्वाबाराला सामान बसमध्ये चढले आणि पहाटे पाचला मी डोंबिवलीत घराचे दार उघडले. सतरा तासांपैकी रंगमंचावर मी, मोजून सांगतो, चौतीस मिनिटे होतो. त्याआधी दीड महिना तालमी झाल्या आणि तालमींचे पैसे मला तरी आजवर कोणी दिलेले नाहीत.

प्रयोग प्रामुख्याने शनिवार-रविवारी लागतात. सोमवार ते शुक्रवार घर चालते ते मालिकांच्या डबिंगवर आणि एका शाळेतल्या नाट्यवर्गावर. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, मला बसमधल्या तासांचेच पैसे मिळतात, ती चौतीस मिनिटे मी फुकट करतो.

स्पष्टवक्ता_तासगाव | ३ जून, सकाळी ७:२०

अप्रिय वाटेल, तरी लिहितो. आमची द्राक्षबाग आहे. फवारणी, मजूर, व्यापाऱ्याची वाट पाहणे आणि त्याच्याकडे अडकलेले पैसे, यांचा हिशेब मी मांडला तर तुमची वही फिकी पडेल. परंतु आम्ही त्याला 'साधना' असे नाव देत नाही. कष्ट सर्वांनाच असतात, कलावंतांचे तेवढे वेगळे का मोजावेत?

दुसरे असे की, नोकरी सोडण्याची सक्ती कोणी केली होती का? मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करीत होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. अरुण कोलटकरांची मिळकत जाहिरातक्षेत्रातली होती. पोटाची सोय एकीकडे ठेवून कविता दुसरीकडे केल्याने या तिघांच्या कवितेत काय उणे राहिले?

डहाळी | ३ जून, दुपारी १:१०

स्पष्टवक्ता यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे, दुसरा अर्धाच मान्य आहे. मी सहकारी बँकेत काम करते आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. अकरा वर्षे पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ मी त्यासाठी राखून ठेवली आहे आणि त्यातून तीन पुस्तके झाली. नोकरीमुळे एक सुख निश्चित मिळते: न आवडणारे पुस्तक नाकारता येते. पूर्णवेळ अनुवाद करणारी माझी मैत्रीण औषधांच्या माहितीपत्रकांपासून सरकारी पुस्तिकांपर्यंत येईल ते घेते, कारण शब्दामागे ठरलेला दर हेच तिचे उत्पन्न आहे.

मात्र त्या तीन कवींच्या यादीत एक गफलत आहे. ज्यांचे निभले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. आठ तास खुर्चीवर बसून आल्यावर ज्यांनी वही उघडली आणि मिटली, त्यांची यादी करणार कोण? शिवाय कविता बसच्या रांगेत मनात धरून ठेवता येते, पण दोनशे पानांचे मुखपृष्ठासकट चित्रपुस्तक साडेसहाच्या आत कसे उरकायचे? प्रत्येक कलेची नोकरीशी जमवून घेण्याची ताकद निरनिराळी असते. गायकाला तर गळा ताजा लागतो, आणि तो माझ्या शाखेत दुपारी चारपर्यंत कोणाचाच राहत नाही.

हिशेबनीस | ३ जून, रात्री ९:०५

मी कलावंत नाही. करसल्लागार आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत चित्रकार, छायाचित्रकार, दोन तबलावादक आणि एक पटकथालेखिका आहे. रेघोटी यांच्या वहीतला शेवटचा, २२ तासांचा रकाना मला सर्वांत बोलका वाटला, कारण तेवढाच माझ्या आटोक्यातला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत काहीही ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत, द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. प्रत्यक्षात दावा लावायची वेळ सहसा येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक आणि या तरतुदीची एक ओळ छापली, तरी समोरच्या लेखा विभागाला तुमचे बिल ढिगाच्या तळातून वर काढावेसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट कराराची. प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता धरतो. परंतु मोबदला घेऊन कोणासाठी काढून दिलेल्या चित्राच्या बाबतीत, वेगळे काही ठरले नसेल तर, पहिला मालक काम सांगणारा ठरू शकतो. म्हणून "हे चित्र या पुस्तकाच्या या आवृत्तीसाठी" एवढे वाक्य तरी काम सुरू होण्यापूर्वी ईमेलने पाठवून त्यावर होकार घ्यावा. किती दुरुस्त्या ठरलेल्या रकमेत बसतात, हेही त्याच पत्रात लिहावे. तुमचे ते ४६ तास त्यातून कमी होतील.

तिसरी गोष्ट सर्वांना माहीत असते आणि कोणी करीत नाही. मानधनातून कापलेला १० टक्के कर हा बुडालेला पैसा नव्हे. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. माझ्याकडे आलेल्या एका वादकाने चार वर्षे ते भरलेच नव्हते आणि जुन्या वर्षांची मुदत टळून गेल्यामुळे त्यातले बरेचसे पैसे खरोखरच बुडाले.

कुंचला_विकणे_आहे | ३ जून, रात्री ९:३०

बँक दराच्या तिप्पट व्याज मिळणार असेल, तर पैसे थकवणाऱ्या प्रकाशकांनाच मी गुंतवणूक समजावे काय?

हिशेबनीस | ३ जून, रात्री ९:३४

मुद्दल आधी बिलात लिहा. आपण गेल्या वर्षी मला दाखवलेल्या बिलावर रक्कमच नव्हती.

तरफेची तार | ४ जून, सायंकाळी ६:४५

रेघोटी यांच्या मूळ प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने येतो. आम्ही मिरजेचे, तंबोरे करणारे. आमचा धंदा मूळचा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. संस्थानिकांच्या काळात हत्यारांचे काम ओसरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब सतारमेकर वाद्यांकडे वळले आणि त्यांच्यामागून सगळी गल्ली वळली. म्हणजे आमची कलाच मुळी उपजीविकेच्या अडचणीतून निघालेली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बरेच पाहुणे येऊन छायाचित्रे काढून गेले.

एक तंबोरा घडताना पाहणाऱ्याला त्यात कोरीव काम, रंग आणि पॉलिश दिसते. आमचा वेळ कशात जातो, ते सांगतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो कडू जातीचा, मुद्दाम मोठा वाढवलेला आणि शेतातच वाळवलेला असतो. आकार पाहून, टिचकी मारून, कड्याची जाडी अजमावून शंभरांतले थोडेच निवडले जातात. आणल्यावर ते माळ्यावर ठेवायचे आणि विसरून जायचे. घाई करून कापलेला भोपळा पुढे तडकतो, आणि तो तडकतो तेव्हा वाद्य गायकाच्या मांडीवर असते. पावसाळ्यात सरस आणि पॉलिश वाळत नाही, म्हणून हे दोन-तीन महिने गिऱ्हाइकाला "पुढच्या महिन्यात" असे सांगण्यात जातात. तुमच्या वहीत वाट पाहण्याचा रकाना नाही. आमच्याकडे तोच सर्वांत मोठा निघेल आणि त्याला आम्ही काम समजतो.

शेवटी जवारी, म्हणजे तारेच्या आवाजाला गुंजन देण्याचे काम. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार त्याला लागते आणि लागत नाही. तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवून बघायचे, पुन्हा घासायचे. तार गुंजून बोलली की काम झाले. त्याला वीस मिनिटेही लागतात आणि दोन दिवसही लागतात, आणि दर मात्र एकच सांगावा लागतो. जवारी वाजवून वाजवून उतरते, त्यामुळे तेच गिऱ्हाईक पुन्हा येते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि नंतर मोबाइलवरचा तंबोरा आल्यापासून नव्या वाद्यांची मागणी घटली. माझे घर आज अर्ध्याहून अधिक दुरुस्तीवर चालते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, त्याच्या आधीचा आठवडा तर पूर्ण दुरुस्तीचाच असतो. वडिलांना याचा कमीपणा वाटत असे. मला वाटत नाही. नवा तंबोरा करताना मी जे शिकतो, त्याहून अधिक दुसऱ्याच्या हातचा, चाळीस वर्षे वाजलेला तंबोरा उघडल्यावर शिकतो.

तेव्हा तुमच्या दुरुस्त्यांच्या ४६ तासांना कात्री लावण्यापूर्वी, त्यांतले किती तास शिकवून गेले, ते एकदा पाहावे.

खरज | ४ जून, रात्री १०:२०

वरचा प्रतिसाद वाचून माझ्या तंबोऱ्याची माफी मागितली. दोन वर्षे त्याला मिरज दाखवलेली नाही.

मी शास्त्रीय गायन शिकवतो. आठवड्याला सव्वीस शिकवण्या आहेत, त्यांतल्या नऊ परदेशातल्या मुलांच्या, म्हणजे त्यांच्या सकाळी आणि माझ्या रात्री. मैफल वर्षाकाठी सात-आठ. पहाटेचा खरजाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज मात्र मी चुकवत नाही, आणि तो ज्या दिवशी चुकतो त्या दिवशी शिकवणीत माझा आवाज विद्यार्थ्याआधी मला कळतो. या रियाजाचे पैसे कोणी देत नाही आणि तो कोणाला ऐकूही जात नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा तेवढे ऐकतात आणि त्याबद्दल सोसायटीकडे दोनदा पत्र देऊन झाले आहे.

मिरजकरांशी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. दुरुस्तीने तुम्ही शिकता, हे खरे. शिकवण्याने मीही काही वर्षे शिकलो. पण सहाव्या वर्षी तोच भूप राग एकविसाव्या मुलीला शिकवताना माझी गायकी पुढे जाते, असे म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे आहे. काही तास निव्वळ भाड्यासाठी असतात. त्यांना कलेचे वस्त्र नेसवू नये.

माजघर | ५ जून, दुपारी ३:००

मी दोन दिवस हा धागा वाचते आहे. बस, बिले, बँक, जवारी, खरज, सर्व काही आले. खरज पहाटे उठून रियाज करतात, त्या वेळी दूध कोण तापवते? तिसरी घंटा पहाटे पाचला दार उघडतात, तेव्हा त्या घरातल्या मुलाला सात वाजता शाळेच्या गाडीपर्यंत कोण सोडते? वहीत हा रकाना कोणीही आखलेला नाही.

मी विणकर कुटुंबात वाढले. येवल्याला आमच्या घरात माग होता. पैठणी विणणारे म्हणून काकांचे नाव होते, दुकानदारही त्यांनाच विचारीत. रेशीम उकलणे, कांड्या भरणे आणि तुटलेले तार सांधणे ही कामे आई आणि काकू करीत, आणि त्या मधल्या वेळेत स्वयंपाक करीत, असे म्हणण्यापेक्षा स्वयंपाकाच्या मधल्या वेळेत कांड्या भरीत, असे म्हणणे योग्य होईल. काठाचा मोर काकांचा आणि कांडी कोणाचीच नाही, असा तो हिशेब होता.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण आपण कौतुकाने देतो, की घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी ओव्या रचल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने आणि एका नातेवाइकाने त्या टिपून घेतल्या म्हणून राहिल्या. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि कविता छापल्या गेल्या १९५२ मध्ये. टिपून घेणारे जवळ नसते, तर जात्यावरचे किती पिठातच गेले असते, याचा विचार मी करते तेव्हा मला कौतुकापेक्षा वेगळेच काही वाटते.

तिसरी घंटा | ५ जून, दुपारी ३:४०

उत्तर देणे भाग आहे. मुलाला पत्नी सोडते आणि त्यानंतर ८:१२ च्या लोकलने कार्यालयात जाते. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. मी "कलेवर जगतो" असे वर ध्वनित केले होते. ते वाक्य दुरुस्त समजावे.

खरज | ५ जून, सायंकाळी ५:०५

मी एकटा राहतो. दूध मीच तापवतो आणि आठवड्यातून दोनदा, षड्जावर असताना, उतू घालवतो.

पेटारा | ६ जून, रात्री १२:३०

कुडाळकडून लिहितो. दशावतारात मी वीस वर्षे स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा, आहे. आमच्याकडे संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, ते त्या दिवशी ठरते, आणि संवाद आम्ही उभ्या उभ्या रचतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मिरगापर्यंत रोज नवे गाव. देवळातली पालखी झाल्यावर, म्हणजे मध्यरात्रीच्या पुढे, नाटक उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. रंग प्रत्येकाने स्वतः लावायचा, लुगडे स्वतः नेसायचे, ट्रंक स्वतः वाहायची. सकाळी गाडीत झोप आणि दुपारी पुढच्या गावात आंघोळ.

लोकांना वाटते की संहिता नाही, म्हणजे तयारी नाही. मी दिवसा वाचतो. पुराणे, कीर्तनांची पुस्तके, वर्तमानपत्रसुद्धा. समोरचा राजा अनुभवी असेल, तर तो अचानक असा प्रश्न टाकतो की गेल्या आठवड्यात काय वाचले, ते तिथेच उघडे पडते. आता पाऊस लागला आहे, मंडळ्या बंद आहेत आणि मी भाताच्या तरव्याच्या चिखलात उभा आहे. लावणी करताना ओळी सुचतात, परंतु हात चिखलात असतात आणि संध्याकाळी त्यांतली एखादीच आठवते.

माजघरताईंच्या प्रश्नाला उत्तर: मी सात महिने रात्री घरी नसतो. ढोरे, शेत आणि म्हातारी आई, तिन्ही माझी बायको बघते. तिने माझे नाटक पाहिले आहे दोनदा. एकदा मध्येच उठून गेली, गाय व्यायची होती.

कुंचला_विकणे_आहे | ६ जून, सकाळी ८:१५

या धाग्यावरचा हा पहिला प्रतिसाद, ज्यावर मला विनोद सुचला नाही.

स्पष्टवक्ता_तासगाव | ६ जून, रात्री ८:५०

माझ्या पहिल्या प्रतिसादावर दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून राग व्यक्त केला. मत मागे घेत नाही, परंतु एक भर घालतो. आम्ही एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी करतो. त्यानंतर ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत बागेत एकही मणी नसतो. तरीही पाणी, खत, विरळणी, शेंडा मारणे सर्व चालू असते, कारण पुढच्या हंगामाचा घड याच काळात काडीच्या डोळ्यात तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. जाणारा-येणारा विचारतो, बाग रिकामी आहे काय? खरजांचा पहाटेचा रियाज आणि पेटारा यांचे दिवसाचे वाचन मी या हिशेबात धरू शकतो. समाजमाध्यमांवरचे ३५ तास मात्र मला अजूनही व्यापाऱ्याच्या फोनसारखेच वाटतात.

डहाळी | ६ जून, रात्री ९:२०

व्यापाऱ्याचा फोन आपण उचलत नाही काय?

स्पष्टवक्ता_तासगाव | ६ जून, रात्री ९:२२

पहिल्या घंटेला उचलतो.

रेघोटी | ८ जून, सकाळी ११:३०

सर्वांचे आभार. माजघरताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी वही पुन्हा उघडली. मे महिन्यात मी २१२ तास टेबलाशी बसू शकले, कारण दोन्ही वेळचा स्वयंपाक सासूबाईंनी केला. मुलीची सुट्टी चालू होती, तिलाही त्यांनीच सांभाळले. माझ्या वहीत त्यांचे तास नाहीत. त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मलाही एक रकाना आखून दे, बघू माझे काय भरते ते." आखून दिला आहे.

जूनची वही नव्याने सुरू केली आहे. उद्यम नोंदणी झाली. महिनाअखेरीस कळवते.

रेघोटी | ३ जुलै, रात्री ९:४५

उशिराबद्दल क्षमस्व. दिवाळी अंकांची कामे यायला लागली आहेत, आणि ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की आषाढात काढलेल्या चित्राचे पैसे बहुधा पुढच्या होळीपर्यंत येतात.

जूनचे एकूण तास १९४. म्हणजे मे महिन्यापेक्षा अठरा कमी, कारण मुलीची शाळा सुरू झाली आणि सासूबाई आठवडाभर नणंदेकडे होत्या. चित्राचे तास ७८. दुरुस्त्या ३१ वर आल्या. "दोन फेऱ्यांनंतरच्या दुरुस्त्यांचे वेगळे शुल्क" हे वाक्य लिहिल्यावर एका लेखकाने चित्रातली मांजर डावीकडे हवी की उजवीकडे, हे पहिल्याच फेरीत ठरवले. तरफेची तार यांनी सुचवल्याप्रमाणे उरलेल्या ३१ पैकी शिकवून गेलेले तास खुणावले, ते सहा निघाले. ते सहा मात्र खरे होते. एका जुन्या संपादिकेने मला पावसाचे पाणी काढताना पांढरी जागा सोडायला भाग पाडले आणि ते चित्र मी तिच्याशिवाय तसे काढले नसते.

पत्रव्यवहार आणि फोन ३४, स्कॅनिंग वगैरे ३३. बिलांच्या रकान्यात फक्त ९ तास गेले. नोंदणी क्रमांकाच्या ओळीचा परिणाम दोन ठिकाणी झाला, चौदा महिने थकलेले पैसे एका संस्थेकडून आले. तिसऱ्या ठिकाणाहून फोन आला की, "मॅडम, आपले एवढे घरचे संबंध असताना हे कशाला?" त्या संबंधांचे पैसे अद्याप यायचे आहेत.

बाकीचे ९ तास मी एका नव्या रकान्यात लिहिले आहेत. कोणी न सांगितलेली, कोणासाठीही नसलेली चित्रे. हा रकाना मेमध्ये नव्हता, आणि नव्हता हे मला मेमध्ये कळलेही नव्हते. ते ७८ मध्ये मिळवून ८७ म्हणावे की वेगळे ठेवावे, यावर घरात मतभेद आहेत. १०० दोन्ही प्रकारे होत नाहीत.

हिशेबनीस | ३ जुलै, रात्री १०:००

वेगळे ठेवा. आणि तिसऱ्या ठिकाणी ४५ दिवस कधी संपतात, ते मला कळवा.

तरफेची तार | ३ जुलै, रात्री १०:२५

पांढऱ्या जागेचे वाचून बरे वाटले. इकडे पाऊस आहे, पॉलिश वाळत नाही, तीन गिऱ्हाइकांना पुढचा महिना सांगून झाला. खरज, तंबोरा पाठवायचा तर आता पाठवू नका, गणपतीनंतर पाठवा. पाठवताना खुंट्या सैल करून पाठवा.

माजघर | ४ जुलै, सकाळी १०:१०

सासूबाईंच्या रकान्यात काय भरले, ते सांगितले नाहीत.

रेघोटी | ४ जुलै, दुपारी २:३५

त्यांनी स्वयंपाकाचे आणि मुलीचे तास लिहिलेच नाहीत. "ते काय लिहायचे, ते रोजचेच" असे त्यांचे म्हणणे पडले, आणि मी अंदाजाने लिहायला गेले तर त्यांनी ते खोडले. महिनाभरात त्यांच्या अक्षरात सात नोंदी आहेत आणि सातही गोधडीच्या. त्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत आहेत, हे मला माहीत होते, पण त्या ती दुपारी सगळे झोपल्यावर शिवतात हे माहीत नव्हते. शेवटची नोंद २९ तारखेची आहे: "अर्धा तास. दिवे गेले. निळा तुकडा पुरला नाही."

माजघर | ४ जुलै, दुपारी २:५०

निळा कोणता हवा आहे? माझ्याकडे आईचे एक इरकल आहे, पदर गेलेले. रंग जुन्या धुण्याचा आहे, नव्या कापडाशेजारी उठून दिसणार नाही. पत्ता निरोपातून कळवावा.